डावखुऱ्या लेकीच्या पिस्तुलाची मूठ

मैत्रिणींनो, आपल्या या पानांवर एरवी लोणच्याच्या बरण्या असतात, मुलांचे खोकले असतात, उरलेल्या कापडाच्या पिशव्या असतात. तिथे हे पिस्तूल कुठून आलं, असं तुम्ही म्हणाल. पण ज्यांच्या मुली हल्ली शाळेतून नेमबाजीला जातात त्यांना यात नवल वाटणार नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ता-पालेम्बंगच्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढे २०२४ साली मनू भाकरने पॅरिसच्या एकाच ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदके आणली. त्यानंतर आमच्या गावच्या रेंजवर संध्याकाळी मुलांपेक्षा मुलींच्याच चपला जास्त दिसू लागल्या.

हा लेख त्या मुलींपैकी एकीसाठी आहे. म्हणजे जी डाव्या हाताने लिहिते तिच्यासाठी, आणि खरं सांगायचं तर तिच्या आईसाठी. दहा माणसांत साधारण एक डावखुरे असते. तेव्हा रेंजवर वीस मुली असतील तर त्यात एक-दोघी निघायच्याच. आणि त्यांना पहिल्याच दिवशी जे ऐकावे लागते ते असे, "डाव्या हाताची ग्रिप आपल्याकडे नाही. तू उजव्या हातानेच शिक."

ग्रिप म्हणजे पिस्तुलाची मूठ. रेंजवर सगळे ग्रिपच म्हणतात, आपण मूठ म्हणू. मूठ ती मूठ, तिच्यात डावी-उजवी काय, असे मलाही कुणी विचारले असते तर मी विळीच्या नाहीतर लाटण्याच्या मुठीकडे बोट दाखवले असते. पण स्पर्धेच्या एअर पिस्तुलाची मूठ तशी नसते. ती पायातल्या बुटासारखी असते. डाव्या पायाचा बूट उजव्यात चढवून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

ही मूठ लाकडात कोरलेली असते. उजव्या हाताच्या मुठीला उजवीकडे एक फुगवटा असतो, तो तळहाताच्या खोलगट भागात बसतो. डावीकडे अंगठा टेकायला छोटा कट्टा असतो. पुढच्या बाजूला तीन बोटांसाठी पन्हाळी असतात. आणि खाली तळहाताच्या कडेला आधार म्हणून एक पाट असतो, स्क्रू सैल करून वर-खाली सरकवता येतो असा. आता हीच मूठ डाव्या हातात धरा. अंगठ्याचा कट्टा तळहातात रुततो, फुगवटा बोटांच्या टोकांना बाहेर ढकलतो, आणि पाट भलत्याच बाजूला राहिल्यामुळे हाताची कड अधांतरी लोंबकळते. पिस्तूल धरले जाते, पण बसत नाही.

एवढ्याने काय बिघडते? हिशेबच करू. एअर पिस्तूल दहा मीटरवरून मारायचे. दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे आपल्या यजमानांच्या शर्टाच्या बटणाएवढे. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, भिजलेल्या साबुदाण्याएवढा. पिस्तुलाचे वजन किलोभर, आणि ते एकाच हाताने, हात सरळ पुढे करून, कशाचाही टेकू न घेता धरायचे. मुलींना पूर्वी चाळीस शॉट असत, २०१८ पासून मुलांइतकेच साठ झाले, पाऊण तास अधिक अर्धा तास, म्हणजे पंचाहत्तर मिनिटांत. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला माशी असते आणि मागे खाच असते. ती माशी खाचेत मधोमध दिसली पाहिजे. दोहोंमधले अंतर जेमतेम एक फूट. त्यामुळे माशी खाचेत एक मिलिमीटर जरी सरकली तरी लक्ष्यावर छर्रा सुमारे तीन सेंटिमीटर बाजूला जातो. एकेक गुणाचे कडे आठ मिलिमीटरचे, तेव्हा साडेतीन-चार गुण एका झटक्यात गेले. मनगट सरळ ठेवून माशी आपोआप मधोमध यावी, हेच तर मुठीचे काम.

माझी मधली लेक तेरा वर्षांची. शाळेने मुलांना एका संस्थेच्या रेंजवर पाठवायला सुरुवात केली, तेव्हा हौसेने गेली. तिथे पिस्तुले तीन, तिन्ही उजव्या हाताची. पहिले पंधरा दिवस तिने डाव्या हातानेच मारले. तर्जनीच्या मुळाशी फोड आला. मी हळद-खोबरेल लावायची आणि ती दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. मग सरांनी सांगितले की उजव्या हाताने शीक, महिन्याभरात सवय होते. सर माणूस चांगले, मनापासून शिकवणारे. पण त्यांच्या कपाटात जे होते त्यावरून त्यांनी मुलीचा हात ठरवला. सहा आठवडे तिने उजव्या हाताने मारले. साठ शॉटला सहाशेपैकी चारशे दहा-पंधराच्या पुढे आकडा सरकेना. घरी आली की दप्तर ठेवून गप्प बसायची. तिची मैत्रीण, तिच्याच बरोबर सुरू केलेली, पाचशेच्या जवळ पोचली होती. एक दिवस म्हणाली, "आई, मी सोडू का? मला नाही जमत." मुलगी खरोखर जमत नाही म्हणून सोडत असेल तर मी अडवणार नाही. पण इथे जमत नव्हते ते कुणाला, तिला की त्या लाकडाला?

गंमत अशी की मला पहिला पाठिंबा मिळाला तो सासूबाईंचा. नातीने उजव्या हाताने जेवावे म्हणून लहानपणी ज्यांनी तिच्या मागे लकडा लावला होता, त्याच म्हणाल्या, "माझ्या थोरल्या भावाचा डावा हात पंतोजींनी बांधून ठेवला होता. अक्षर जन्मभर कोंबडीच्या पायांचं राहिलं त्याचं. पोरीला तिच्या हाताने करू दे." प्रसाद मात्र उजव्याच हाताने घ्यायचा, हे त्यांनी जाता जाता बजावलेच.

डाव्या हातावर विश्वास ठेवावा की नाही अशी शंका असेल तर कारोली ताकाच यांची हकिगत ऐका. हे हंगेरीच्या सैन्यातले उत्तम पिस्तूलबाज. १९३८ साली सरावात हातबॉम्ब फुटून त्यांचा उजवा हात, पिस्तुलाचाच हात, कामातून गेला. त्यांनी कुणालाही न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला आणि १९३९ साली आपल्या देशाची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढे युद्धामुळे दोन ऑलिंपिक झालीच नाहीत. १९४८ साली लंडनला ते उतरले तेव्हा अडतीस वर्षांचे होते. तिथे रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्ण घेतले आणि १९५२ साली हेलसिंकीला पुन्हा घेतले. उजव्याचा डावा करायची वेळ त्यांच्यावर नशिबाने आणली. आपल्या मुलींवर डाव्याचा उजवा करायची वेळ नुसत्या सोयीसाठी आणू नये, एवढेच माझे म्हणणे.

मात्र एक गोष्ट आधी पाहा. हाताइतकाच डोळाही महत्त्वाचा. प्रत्येकाचा एक डोळा वरचढ असतो. दोन्ही हात पुढे करून, दोन्ही पंजांच्या बोटांमध्ये रुपयाएवढे भोक राहील असे जुळवा, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरच्या कालनिर्णयातली एखादी तारीख पाहा. मग तारीख सुटू न देता हात हळूहळू चेहऱ्याशी आणा. भोक ज्या डोळ्यावर येईल तो वरचढ डोळा. हात डावा आणि डोळाही डावा असेल, तर प्रश्नच मिटला, डावी मूठ शोधा. हात डावा आणि डोळा उजवा असेल, तर मात्र सरांशी शांतपणे बोलावे. अशा मुलीला काही शिक्षक उजव्या हाताने शिकवतात आणि त्यात तथ्य असू शकते. पण पिस्तुलात बंदुकीसारखा गाल लाकडाला टेकवायचा नसतो. मान थोडी वळवून किंवा नको त्या डोळ्यापुढे पट्टी लावून काम भागते. ही पट्टी ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. माझ्या लेकीचा डोळा डावाच निघाला. कालनिर्णयातली संकष्टी स्पष्ट डाव्या डोळ्यावर आली.

आता मूठ मिळवायची कुठून? सगळ्यात सोपा उपाय, ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी. मोरिनी, स्टायर, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवर्कबाऊ हे परदेशी कारखाने नवे पिस्तूल डाव्या मुठीसह देतात. मागवतानाच तसे लिहून द्यायचे, आणि मुठीचा आकार लहान, मध्यम की मोठा तेही. विक्रेत्याला फोनवर नुसते "एक पिस्तूल पाठवा" म्हटले तर उजवेच येणार. आणि पुढे वेगळी मूठ मागवायची म्हटले तर दहा-पंधरा हजारांच्या घरात सहज जाते, वर जकात आणि महिनोन्‌महिने वाट. जर्मनीत रिंक नावाचे कारागीर नुसत्या मुठीच करतात, डाव्याही करतात. पण लक्षात ठेवा, एका पिस्तुलाची मूठ दुसऱ्याला बसत नाही. मूठ मागवताना पिस्तुलाचे पूर्ण नाव आणि मॉडेल कळवायलाच हवे. भाचीच्या पिस्तुलाची जुनी डावी मूठ मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका.

(जाता जाता, परवान्याची भीती अनेकींना असते. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. पंचवीस मीटरच्या पॉइंट टू टूला लागतो. मूठ म्हणजे तर नुसते लाकूड.)

पण लाखाच्या पुढचे पिस्तूल तेरा वर्षांच्या मुलीला लगेच कोण घेऊन देणार? आमच्यासारख्या बहुतेकींना संस्थेचेच पिस्तूल वापरायचे असते. अशा वेळी मूठ घरी बनवता येते, आणि तीच हकिगत मला जरा सविस्तर सांगायची आहे.

नवे लाकूड कोरायला घेऊ नका. कारण मुठीच्या आत पिस्तुलाचा सांगाडा जाण्यासाठी जी पोकळी असते, ती बिनचूक कोरणे फार अवघड असते. ती जराशी ढिली झाली तरी मूठ हलते. त्यापेक्षा त्याच मॉडेलची जुनी, झिजलेली उजवी मूठ किंवा दोन्ही हातांना चालणारी साधी मूठ मिळवावी. आतली पोकळी तशीच राहते, बाहेरचे रूप तेवढे पालटायचे. संस्थेच्या अडगळीत कट्टा तुटलेली एक मूठ पडली होती. सरांनी ती आनंदाने दिली, हेही सांगितले पाहिजे.

मग हाताचे माप. कागदावर पंजा ठेवून पेन्सिलीने आकार काढावा, बोटे सोडून पंजाची रुंदी मोजावी. पण खरे माप मिळाले ते शाडूच्या मातीने. गणपतीची उरलेली शाडू घरात होतीच. तिचा पोळीच्या उंड्यापेक्षा मोठा गोळा एका लाकडी पट्टीभोवती थापला आणि लेकीला म्हटलं, पिस्तूल धरल्यासारखी धर. हात सोडल्यावर मातीत तिच्या तळहाताची दरी, बोटांच्या पन्हाळी, अंगठ्याची जागा सगळे उमटले. कणकेचाही प्रयोग केला होता, पण कणीक मागे सरते, शाडू सरत नाही. तो मातीचा नमुना सावलीत वाळवून घेऊन मी आमच्या सुतारमिस्त्रींकडे गेले.

मिस्त्रींनी आमच्या घराचे पाट, चौरंग, देव्हारा सगळे केलेले. मूठ हातात फिरवून म्हणाले, "वहिनी, हे काम लाकडाचं कमी आणि हाताचं जास्त. पोरीला घेऊन या." लेकीला समोर बसवून त्यांनी आधी उजव्या बाजूचा फुगवटा कानशीने उतरवला, अंगठ्याचा उरलेला कट्टा पटाशीने काढला. नव्या पाटासाठी सागवानाचा तुकडा कापून डाव्या बाजूला बसवला. इथवर एक सकाळ. भर घालण्याचे काम मात्र आमचे आम्ही घरी केले. दोन भाग मिसळून मळायचे ते एम-सील घेतले. हातात रबरी मोजे घालूनच मळावे आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण कातडीला ते बाधते. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच भर घालावी. वर दुधाच्या पिशवीचे पातळ प्लॅस्टिक पसरून मुलीने मूठ धरावी, हाताचा ठसा उमटला की सोडावी. रात्रभर सुकू द्यावे. दुसऱ्या दिवशी काचपेपर.

कुठे काढायचे आणि कुठे भरायचे हे कसे कळावे? शाळेतल्या खडूची पूड कामी आली. मुलीच्या तळहाताला खडू चोळायचा, मूठ घट्ट धरायला लावायची आणि सोडायला सांगायची. जिथे पांढरा डाग गडद, तिथे दाब जास्त, तिथे कानस फिरवायची. जिथे डागच नाही तिथे भर घालायची. वर्गात फळ्याला जेवढा खडू लागला नसेल तेवढा त्या आठवड्यात त्या मुठीला लागला.

तरी खरी परीक्षा डोळे मिटून होते. पिस्तूल रिकामे आहे याची शिक्षकांकडून खात्री करून घ्यावी, तोंड लक्ष्याकडेच ठेवावे. मुलीने डोळे मिटून हात उचलावा, दोन श्वास थांबावे आणि डोळे उघडावे. माशी खाचेत मधोमध दिसली तर मूठ जमली. ती दर वेळी एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल तर दोष मुठीचा. तेव्हा मनगट वळवून ती मधोमध आणायला शिकवू नये. पहिल्या शॉटला जमेल, चाळिसाव्याला मनगट थकून मूळ जागी जाईल. मुठीतच फरक करावा, तोही एका वेळी एकच, आणि चार दिवस मारून पाहावा. चाप ओढणाऱ्या बोटाला मात्र लाकडाचा स्पर्श होता कामा नये. कागद सरकेल एवढी तरी फट हवी, नाहीतर बोट सरळ मागे येत नाही.

नियमांचेही भान हवे, कारण स्पर्धेच्या आधी पिस्तूल तपासतात. मनगट मोकळे दिसले पाहिजे. मूठ हाताला वेढून घेणारी नको. तळाचा पाट मुठीशी काटकोनात किंवा त्याहून उघडा चालतो, वर वळून हाताला कवेत घेणारा चालत नाही. अंगठा वर उचलता आला पाहिजे. आणि सबंध पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. यातला पन्नासचा आकडा हौशी कारागिरांना नडतो. एम-सील थापता थापता मूठ फुगते आणि जाडी पाच सेंटिमीटरच्या वर जाते. आम्ही घरी पुठ्ठ्याची पेटी करूनच बसलो होतो.

सगळा खर्च? मिस्त्रींनी शंभर-दोनशेच घेतले, तेही मी बळेच दिले. एम-सील आणि काचपेपर धरून पाचशेच्या आत.

नवी मूठ घेऊन लेक रेंजवर गेली तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. पिस्तूल मारणारा आडवा उभा राहतो. उजव्या हाताची मुलगी डावीकडे तोंड करून, डाव्या हाताची उजवीकडे. त्यामुळे ओळीत मधेच डावखुरी उभी केली की ती आणि तिच्या उजवीकडची मुलगी अगदी समोरासमोर येतात. लहान मुली मग एकमेकींकडे बघून हसतात, नाहीतर बावरतात. सरांना सांगून तिला उजवीकडच्या शेवटच्या जागेवर उभे केले. समोर नुसती भिंत. हे सांगायला आईला नेमबाजी यावी लागत नाही.

दोन महिन्यांनी जिल्ह्याच्या निवडीत तिने पाचशे नऊ केले. नववी आली, निवड पहिल्या सहांची होती. घरी येऊन तिने काय केले, तर दप्तर टाकून आधी काचपेपर शोधला. पाट अर्धा मिलिमीटर वर हवा होता म्हणे.

आता देखभालीचे थोडे. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पोकळी घट्ट होते, तेव्हा मूठ जोर लावून बसवू नये. मूठ काढण्या-घालण्याआधी हवेचा सिलिंडर काढून ठेवलेला असावा. उघड्या लाकडाला दोन-तीन महिन्यांनी जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, वार्निश लावू नये, घामाने निसटते. धरण्याची जागा गुळगुळीत झाली तर जाड काचपेपरने किंवा खिळ्याच्या टोकाने बारीक टोचे मारून खडबडीत करावी. आणि वाढत्या वयाच्या मुलीचा पंजा दर सहा महिन्यांनी त्याच कागदावर ठेवून पाहावा. आमचा कागद फ्रीजच्या दारावर लावलेला आहे. जूनपासून पेन्सिलीची रेघ बोटांकडे चार मिलिमीटर सरकली आहे, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा शाडू भिजवायची आहे.